शाकारणी होईपर्यंत

येलनाला खालच्या वस्तीत आणलं तेव्हा तिच्या केसांत तिच्या बापाचं रक्त वाळून कडक झालं होतं, आणि ज्याने ते सांडलं त्या तोरूमच्याच हातात तिच्या गळ्यातली दोरी होती. ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या गावात त्या सकाळी चौतीस माणसं होती. ऊन उतरेपर्यंत चार उरल्या, चारही तरण्या बाया. बाकीच्यांना कुडाच्या भिंतींसाठी माती काढलेल्या खड्ड्यात लोटून दिलं होतं. म्हातारी खाली, तान्ही वर, कुणाची कोपरं कुणाच्या तोंडात. त्यांच्यावर मातीसुद्धा कुणी लोटली नाही.

चारांच्या तीन झाल्या त्या वाटेत. येलनाची थोरली बहीण सात महिन्यांची पोटुशी होती. नदीच्या उताराशी ती खाली बसली आणि काही केल्या उठेना. तोरूमने मागे वळून पाहिलं, नुसती मान हलवली, आणि त्याच्या धाकट्या भावाने, होल्गने, तिच्या डोक्यात मागून घाव घातला. एकच. मग सगळे ओंजळीने पाणी प्याले आणि पुढे चालू लागले. येलनानेही पाणी प्यायलं. तहान लागली होती, काय करणार?

वस्तीत पोचल्यावर तिचा उजवा घोटा दगडावर ठेवून फोडला. आणलेल्या बाईचा घोटा फोडायची रीत जुनी आहे. एवढ्याने बाई मरत नाही आणि पळतही नाही. त्या हिवाळ्यात ती तोरूमची बायको झाली.

लोक विचारतात, तिचा त्याच्यावर जीव होता का? असले प्रश्न भरल्या पोटी सुचतात. तोरूम वाईट नवरा नव्हता. थंडीत शेकोटीजवळची जागा तिला द्यायचा, पोरांना खांद्यावर घेऊन गुरांमागे जायचा. त्याला ताप चढला की येलना उशाशी बसून राही आणि तो मरू नये असं तिला मनापासून वाटे. तो बरा झाला की तो मेला असता तर बरं झालं असतं असंही तितक्याच मनापासून वाटे. तिला पाच पोरं झाली, दोन जगली. मोठा कारो आणि धाकटी निवा.

आता कुऱ्हाडीचं सांगतो. आमच्या लोकांत कुऱ्हाडीला भरवल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. कुऱ्हाड म्हणजे लाकूड तासायची दगडाची, आडव्या पात्याची, वाखाच्या दोरीने दांड्याला आवळलेली. घरातली थोरली बाई सकाळी खपली गव्हाची लापशी शिजवते. एकेक पुरुष आपली कुऱ्हाड तिच्या हातात देतो. ती पात्याला बोटभर लापशी फासते आणि म्हणते, "लाकूड खा." मग उरलेल्या लापशीचा घास तो पुरुष तिच्या हातातल्या वाडग्यात मान घालून खातो आणि कुऱ्हाड परत घेऊन रानात जातो. ज्या दिवशी माणसं मारायला जायचं असतं त्या दिवशी बाई म्हणते, "मिळेल ते खा." हा शब्द मिळाला नाही तर माणसाच्या हाडावर कुऱ्हाड दुभंगते आणि मारणाऱ्याच्याच डोळ्यांत घुसते. असं होताना आमच्या आज्यापणज्यांनी पाहिलं आहे म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण करून बघायची माझीही छाती नाही.

सासू वारल्यावर भरवणं येलनाकडे आलं. तीन भिंतींपलीकडे होल्ग आणि त्याची बायको दुरा, अलीकडे येलना आणि तोरूम, मध्ये गुरं आणि धान्य, असं ते एकच लांबच लांब घर होतं. वस्तीत अशी आणखी दोन घरं. तोरूमचं घर सगळ्यांत थोरलं, म्हणून सगळ्या वस्तीच्या कुऱ्हाडी येलनाच्या हातून जेवत. त्यांतली पहिली अर्थातच तोरूमची, जिने तिचा बाप मारला ती. बावीस वर्षांत घासून घासून तिचं पातं चार बोटं झिजलं होतं. येलना रोज तिला भरवायची आणि लाकूड खायला सांगायची. एवढ्या वर्षांत एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही की ज्या बाईच्या बापाला या पात्याने मारलं, तिच्याच हातात आपण ते रोज देतो आणि तिच्याच पुढे मान वाकवतो. भरवणारा हात मारत नाही असं आम्ही धरून चालतो. धरून चालायला काय जातं?

मग दोन उन्हाळे पाऊस झाला नाही. खपली वितीएवढी होऊन करपली, वाटाणा फुलावरच गळाला. लोक जवसाची पेंड खाऊ लागले, मग ओकची कडू फळं कुटून, धुऊन, उकडून खाऊ लागले. दुराला दूध येईना. वरच्या वस्तीचं शेत मात्र झऱ्याच्या अंगाला होतं, तिथे थोडं का होईना पिकलं. निवाला त्याच वरच्या वस्तीत दिली होती, दीड वर्ष झालं होतं. तिला आठवा महिना लागल्याचा निरोप मासे घेऊन आलेल्या माणसाने दिला होता.

तोरूमने तिन्ही घरांच्या पुरुषांना बसवलं आणि ठरलं. परवा वर जायचं, धान्य आणायचं, मागे कुणी ठेवायचं नाही. मागे ठेवलं की तो उद्या येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. येलना पाट्यावर ओकची फळं वाटत सगळं ऐकत होती. पुरुष पांगल्यावर ती तोरूमपाशी येऊन बसली.

"निवा आहे तिथं," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच दिली ना तिला."

"आठवा महिना आहे."

"तरण्या बाईला कोण मारतंय? घेऊन येऊ घरी. तुझ्याच हाताखाली बाळंत होईल."

"माझी बहीण तरणीच होती."

नदीचा तो उतार तोरूमच्या ध्यानात नसेल असं तिला इतकी वर्षं वाटायचं. तसं नव्हतं. "ती चालेना," तो म्हणाला. "निवा चालेल. माझी पोर आहे ती."

"आणि नाही चालली तर?"

तोरूमने शेकोटीत लाकूड सारलं. तेव्हा येलना म्हणाली की परवा ती भरवणार नाही.

तोरूम ओरडला नाही. त्याने तिला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "नको भरवू. दुरा भरवेल. पण थोरली जिवंत असताना धाकटीचा शब्द कुऱ्हाड ऐकत नाही, म्हणजे आधी तुला मारावं लागेल. ते मला करायला लावू नकोस. आतमध्ये सोळा तोंडं आहेत, ती काय माती खातील?" आणि हे तिच्या लक्षात राहावं म्हणून त्याने कोपराचा एक फटका तिच्या तोंडावर दिला. दोन दात पडले. तिने ते चुलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने कारोला गाठलं. धडधाकट माणूस अर्ध्या दिवसात वर पोचतो. येलनाला त्या घोट्याने दोन दिवस लागले असते आणि पहिल्याच वळणावर तिला कुणीतरी पकडून आणलं असतं. कारो गुरांसाठी पाला तोडत होता. मिसरूड फुटलेला, बापाएवढा उंच. तिने सांगितलं, जा आणि बहिणीला रानात कुठे लपवून ठेव. तो खाली बघत म्हणाला की बाबा बोलले आहेत आणि त्याचं स्वतःचंही पोट पाठीला लागलं आहे. मग आईचं तोंड बघून म्हणाला, "मी आधी तिच्यापाशी पोचेन, आई. मी कुणाला हात लावू देणार नाही."

येलनाने मान हलवली. तिच्या गावातही एक भाऊ असंच म्हणाला होता, आणि तो दारातच पडला.

त्या दिवशी लापशीसाठी उरलीसुरली खपली निवडताना तिने सगळे रस्ते तपासून पाहिले. भरवलं तर निवा जाते. नाही भरवलं तर ती स्वतः जाते आणि मग निवाही जाते. आमच्या लोकांत कुऱ्हाडी आवरणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मेलेलं घर. घराचा थोरला पुरुष मेला की घरही मेलं. त्यात कुणी झोपत नाही, त्याची मेढसुद्धा उपटत नाही, ते आपोआप कुजायचं. शेजारी नवं घर उभं राहून त्याच्या छपराची शाकारणी होईपर्यंत वस्तीतल्या कुठल्याही कुऱ्हाडीने लाकडाशिवाय काही खायचं नाही. तोरूमचा बाप गेला तेव्हा अस्वलाने दोन वासरं नेली, तरी लोकांनी काठ्या आणि दगडच मारले. घर उभं करायचं म्हणजे रान तोडून तोडून लांब गेलंय, तेव्हा तीन-चार महिने सहज जातात. तेवढ्यात निवा मोकळी झाली असती.

हे तिने अंगणात बसून, डोकं शांत ठेवून ठरवलं. वेडाच्या भरात नव्हे. वेडाच्या भरात झालं असतं तर मला ते सांगायला सोपं गेलं असतं.

निघायच्या सकाळी तिन्ही घरांचे अकरा पुरुष आले. लापशी इतकी पातळ होती की पात्यावर ठरेना. तोरूम पुढे आला आणि त्याने आपली कुऱ्हाड येलनाच्या हातात दिली. तिने पात्याला बोटभर लापशी फासली. सगळे तिच्या सुजलेल्या ओठांकडे बघत होते.

"मिळेल ते खा," ती म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुरुषांनी श्वास सोडला. तोरूमच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. त्याने तिच्या दंडाला हात लावला, जणू म्हणायचं होतं की शहाणी आहेस. मग तो घास घ्यायला वाडग्यावर वाकला. येलनाने वाडगा डाव्या हाताने तसाच धरून ठेवला आणि उजव्या हाताने कुऱ्हाड त्याच्या कानामागे घातली. बायकांच्या हातात जोर नसतो म्हणणाऱ्यांनी बावीस वर्षं पाट्यावर वाटून बघावं. तो गुडघ्यांवर आला. लापशी त्याच्या दाढीतून ओघळली. त्याने वर बघितलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तिने दुसरा घाव घातला, मग तिसरा. तिसऱ्याची गरज नव्हती. तो त्या सकाळचा नव्हता, उताराशी बसलेल्या तिच्या बहिणीचा होता.

होल्ग ओरडत कुऱ्हाड उगारून धावला. ती खाली आली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुसऱ्या घरचा म्हातारा ओस्क मध्ये पडला आणि त्याने होल्गचं मनगट धरलं.

"तुझी जेवली नाहीये अजून," ओस्क म्हणाला.

"सोड मला, काका."

"आणि घर मेलंय, होल्ग. बघ तरी."

सगळ्यांनी वळून त्या लांब घराकडे पाहिलं. आतून दुराचं पोर रडत होतं. एकेकाच्या ध्यानात येत गेलं तसे हात खाली आले. एकाने तर तिथेच बसकण मारली आणि हसायलाच लागला, भुकेने माणूस हसतो तसा. होल्ग तिच्या तोंडावर थुंकला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही, हा दांडा आपण दुसऱ्याच्या रानातून तोडून आणला आणि घरात ठेवला, असं तो म्हणाला. ते बरोबरच होतं.

मग निवाडा झाला. नवऱ्याला मारणाऱ्या बाईला मेलेल्याच्या मुलाने मारायचं, मारलेल्या तऱ्हेनेच. म्हणजे कारोने. पण शाकारणीनंतर. तोवर ती मेलेल्या घराची थोरली, तेव्हा कुऱ्हाडींना भरवायचं कामही तिचंच. तोरूमला भिंतीलगतच्या खड्ड्यात डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन ठेवला. त्याची कुऱ्हाड त्याच्या हनुवटीखाली दिली. कारोने माती लोटली. त्याने आईकडे त्या दिवशी बघितलं नाही, पुढचे कितीतरी दिवस बघितलं नाही. वाडग्यावर मान वाकवायची वेळ आली की तो डोळे मिटून घ्यायचा. होल्ग तर घासच घेत नसे. पात्याला लापशी लावून घ्यायचा आणि वाडगा हाताने उडवायचा. येलना सांडलेली लापशी मातीसकट गोळा करून पोरांना द्यायची.

घर उभं राहू लागलं. पाल्याच्या झोपड्यांत राहून उपाशी माणसांनी ओक पाडले, ओढत आणले, मेढी रोवल्या, आढं चढवलं. येलना फुटक्या घोट्याने कुडासाठी चिखल तुडवायची. आणि लोक मरत गेले. ओस्कची बायको मरण पावली. दुराची थोरली पोर गेली आणि बारा दिवसांनी तिच्या पाठचा मुलगा गेला. दोघांनाही येलनाने कडेवर खेळवलं होतं. वरचं धान्य आलं असतं तर ती जगली असती, हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती.

दुरा दुसऱ्या पोराला पुरून आली ती सरळ चिखलात येऊन उभी राहिली. हातात दगड होता. तिने तो येलनाच्या कपाळावर मारला. येलना पडली, पुन्हा उठून बसली.

"तुमची एक वाचवलीत, जाऊबाई," दुरा म्हणाली. "माझी दोन कुणी द्यायची?"

येलनाच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. ती म्हणाली, "कुणी नाही."

"वाईट तरी वाटतंय का?"

"वाटतंय. पण पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. खोटं कशाला सांगू?"

दुराने दुसरा दगड उचलला, जरा वेळ धरून ठेवला आणि टाकून दिला. मग तीही चिखल तुडवायला उतरली, कारण भिंत व्हायची होती.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा गारगोटीचे तुकडे विकणारा माणूस वरून आला. त्याने बातमी आणली. खालच्या वस्तीत काय झालं ते वरच्यांना कळलं होतं, त्यावरून काय होणार होतं तेही कळलं होतं, आणि त्यांनी वस्तीभोवती पुरुषभर खोल खंदक खणून आत ओंडके रोवले होते. आता तिथे जाणं म्हणजे मरायला जाणं. आणि निवा? निवा बाळंत होऊन दोन महिने झाले, मुलगी झाली. पाठीशी पोर बांधून ती खंदकाची माती उपसत होती, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. येलनाने त्याला तीनदा विचारलं की पोर दूध पिते ना. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "अगं बाई, जळूसारखी पिते." येलना तिथेच कुडाला टेकून हमसून हमसून रडली. आणल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर घराचं काम अडलं. शाकारणी कारोकडे होती, आणि त्याला छपरावर घालायचा एकही बोरू पसंत पडेना. ही पेंढी कुजकी, ती आखूड. सकाळी बांधलेलं तो दुपारी सोडायचा. सगळ्यांना समजत होतं, कुणी बोलत नव्हतं. होल्गसुद्धा थोडे दिवस गप्प बसला. अखेर सगळं छप्पर झालं आणि दुराच्या चुलीवरचा एक हातभर तुकडा तेवढा उघडा राहिला. तो काही केल्या भरेना. गार पाऊस लागला. पाणी नेमकं चुलीत पडायचं, आणि दुराचं उरलेलं एकुलतं एक तान्हं खोकून खोकून निळं व्हायला लागलं.

तीन दिवस येलनाने तो खोकला ऐकला. चौथ्या सकाळी तिने बोरूची एक पेंढी निवडली, लंगडत नेऊन शिडीला टेकवली आणि कारोला हाक मारली.

"बांध ही," ती म्हणाली.

"कुजकी आहे."

"मी बघून आणलीय. बांध."

"आई, मला नको सांगू." त्याने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"ते पोर जाईल, कारो. दुराची दोन मी नेली. तिसरं नेणार नाही."

तो वर चढला. त्याला फार वेळ लागला नाही, हात सवयीचे होते. चुलीत पडणारं पाणी थांबलं. आत दुराने विस्तव फुंकला, आणि छपरातून धूर यायला लागला.

पुरुष जमले. येलनाने लापशी आणली. कारो कुऱ्हाड सोडेना, तिला ती दोन्ही हातांनी ओढून घ्यावी लागली. तिने पात्याला नीट, दोन्ही बाजूंनी लापशी फासली आणि म्हटलं, "मिळेल ते खा." मग वाडगा त्याच्या तोंडाशी धरला. तो खाईना.

"खा पोरा. उपाशी हाताचा घाव चुकतो. मला दोनदा नको."

त्याने घास गिळला. येलना त्याच्याकडे पाठ करून चिखलात बसली आणि केस मानेवरून पुढे घेतले. समोर नदी होती, वर जाणारी वाट होती. कारोचा घाव चुकला नाही.

मी वरच्या वस्तीतला. निवाच्या त्या पोरीच्या पोरीचा मी मुलगा, म्हणजे येलना नसती तर आमच्यातला एकही नसता. आमच्याकडे तिचं नाव थोरल्या मुलींना ठेवतात. खाली दुराच्या घरचे लोक अजून तिला शिव्या घालतात, लेकरं खाणारी म्हणतात. मी तिकडे गेलो की ऐकून घेतो. त्यांना गप्प बसा म्हणायला माझी जीभ आजवर वळलेली नाही.